पायाला मुंग्या येतात तेव्हा आत काय चाललेलं असतं

पंगतीतून उठताना, कीर्तन संपल्यावर, किंवा कमोडवर मोबाइल बघत जरा जास्त वेळ बसल्यावर लक्षात येतं की एक पाय आपला राहिलेला नाही. चिमटा काढला तर कळत नाही, टेकवला तर जमीन लागत नाही. मिनिटभरानं त्यात मुंग्या भरतात, त्या असह्य होतात आणि मग हळूहळू सगळं ठीक होतं. ‘रक्त थांबलं होतं’ असं म्हणून आपण विषय सोडून देतो. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं कळलं, तर कोणत्या मुंग्या सोडून द्यायच्या आणि कोणत्या बधिरपणासाठी डॉक्टरांकडे जायचं हे बरंचसं आपलं आपल्याला ओळखता येतं. म्हणून ते जरा सावकाश समजून घेऊ.

पुढच्या वेळी पाय झोपला की आधी पाऊल नीट बघा. बहुतेक वेळा बोटं नेहमीच्याच रंगाची आणि कोमट असतात. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे बोट ठेवलं तर नाडीही लागते. म्हणजे रक्त पावलापर्यंत पोचतंय. अडचण वर कुठेतरी आहे, गुडघ्याच्या बाजूला किंवा मांडीखाली, जिथे एखादा मज्जातंतू हाड आणि जमीन यांच्यात सापडलाय.

मज्जातंतू म्हणजे हजारो सूक्ष्म धाग्यांची जुडी. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श पाठीच्या कण्यापर्यंत नेणारा प्रत्येक धागा हा एकाच पेशीचा लांबलेला भाग असतो, आणि मोठ्या माणसात त्याची लांबी जवळपास एक मीटर भरते. या जुडीला तिच्या स्वतःच्या, केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. मांडी घातल्यावर किंवा पायावर पाय टाकल्यावर पिचतात त्या ह्या. पायाचा मोठा रक्तप्रवाह चालू राहतो, पण मज्जातंतूच्या दोन-चार सेंटिमीटरच्या तुकड्याला ऑक्सिजन मिळेनासा होतो.

त्या तुकड्यावर सगळं का अडावं? प्रत्येक धाग्याच्या आत पोटॅशियम जास्त असतं आणि बाहेर सोडियम जास्त. संदेश पुढे सरकतो तो जागोजागी सोडियम क्षणभर आत घुसल्यामुळे. पण संदेश नसतानाही सोडियम थोडं थोडं आत झिरपतच असतं, आणि धाग्याच्या भिंतीतले सूक्ष्म पंप ते रात्रंदिवस बाहेर टाकत असतात. गळक्या होडीत बसून पाणी उपसणाऱ्या माणसाचं काम असतं तसं हे काम आहे. तो थांबला म्हणून होडी लगेच बुडत नाही, पण पाणी चढत जातं. पंप चालायला लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या जोरावर तयार होते. ऑक्सिजन तुटला की पंप मंदावतात, आतल्या-बाहेरच्या क्षारांचा फरक कमी होत जातो, आणि एका टप्प्यावर तो तुकडा संदेश पुढे जाऊच देत नाही. पाऊल शाबूत असतं, मेंदू शाबूत असतो, मधला रस्ता बंद पडलेला असतो.

सगळे धागे एकदम बंद पडत नाहीत, ही मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. स्पर्श आणि सांध्यांची स्थिती सांगणारे धागे जाड असतात, त्यांच्यावर चरबीयुक्त वेष्टन असतं आणि ते सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगानं संदेश नेतात. ठणका आणि ऊब सांगणारे बरेचसे धागे बारीक, बिनवेष्टनाचे असतात. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. लंडनमध्ये थॉमस लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून, तो फुगवून, रक्त अडवून ठेवलं आणि कोणती संवेदना कधी जाते ते टिपलं. आधी हलका स्पर्श गेला, मग गारवा, आणि खोल ठणका सगळ्यात शेवटपर्यंत टिकला. म्हणजे दाबाखाली जाड धागे आधी हार मानतात. दातांच्या डॉक्टरांचं बधिर करायचं इंजेक्शन नेमकं उलटं वागतं. ते बारीक धाग्यांना आधी गाठतं, म्हणून दात काढताना दुखत नाही, पण ओढल्याचं आणि दाबल्याचं कळत राहतं.

झोपलेल्या पायावर चटकन उभं राहणं धोक्याचं आहे ते याचमुळे. स्पर्शाबरोबर पाऊल कोणत्या कोनात आहे ही माहितीही जाड धाग्यांतूनच जाते. ती नसताना वजन टाकलं तर घोटा कधी मुरगळला हे पडल्यावरच कळतं. वयस्कर माणसांनी तर अशा वेळी मिनिट-दोन मिनिटं बसूनच पाय लांब करावा, बोटं हलवावीत आणि मगच उठावं. जोरजोरात आपटून किंवा चोळून तो लवकर जागा होतो असं नाही. दाब काढणं एवढंच औषध.

दाब निघाला की रक्त परत येतं आणि पंप पुन्हा जोरात चालू होतात. पण प्रत्येक धाग्याची घडी एकाच वेळी बसत नाही. बाहेर साठलेलं पोटॅशियम अजून निवळायचं असतं, आतलं सोडियम अजून उपसायचं असतं, आणि या मधल्या काळात धागे विलक्षण हळवे होतात. काहीही शिवलेलं नसताना आपणहून संदेश सोडू लागतात. १९८० मध्ये ओचोआ आणि टोरेब्योर्क या संशोधकांनी जागेपणी माणसांच्या मज्जातंतूत सुईइतका बारीक विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) घालून ही सरबत्ती प्रत्यक्ष नोंदवली. मुंग्या वाढल्या की सरबत्ती वाढे, मुंग्या ओसरल्या की ती ओसरे. गंमत अशी की बिघाड असतो गुडघ्याजवळ आणि मुंग्या येतात पावलात. कारण मेंदूला धागा कुठे चाळवला हे कळत नाही. तो धागा ज्या कातडीतून येतो तिथंच काहीतरी घडतंय असं तो धरून चालतो. कोपर आपटल्यावर करंगळीत करंट जातो तोही याच हिशेबानं.

म्हणून मी घरच्यांना नेहमी सांगते की मुंग्या येणं ही परतीची खूण आहे. बंद पडलेले धागे बोलायला लागलेत. काळजी करायची ती मुंग्या न येता, दुखल्याशिवाय, महिनोन् महिने मुक्कामाला येणाऱ्या बधिरपणाची. त्याकडे येतेच, पण आधी रोजच्या ओळखीच्या जागा पाहू.

कोणती बोटं, हे आधी बघा

शरीरात काही ठिकाणी मज्जातंतू कातडीखाली, हाडाला चिकटून, जवळजवळ उघड्यावर असतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा जो गोल उंचवटा हाताला लागतो त्याला वळसा घालून एक मज्जातंतू खाली जातो. पायावर पाय टाकून बसलं की दाबला जातो तो हा. उकिडवं बसून तासन् तास खुरपणी करणाऱ्या बाया-माणसांतही हाच अडकतो. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो, आणि दाब फार वेळ राहिला तर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चवडा जमिनीला घासतो. असं झालं तर ‘होईल बरं’ म्हणून आठवडे घालवू नयेत.

हातात तीन मज्जातंतूंची वाटणी आहे आणि ती पाठ करून ठेवावी इतकी उपयोगी आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग हा कोपराच्या आतल्या बाजूनं जाणाऱ्या मज्जातंतूचा. कोपर टेबलावर टेकून बसणारे, फोन कानाला लावून हात दुमडून ठेवणारे, कोपर घडी करून झोपणारे, यांच्या ह्या दोन बोटांना मुंग्या येतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग हा मनगटातून जाणाऱ्या मज्जातंतूचा. मनगटाच्या हाडांनी आणि वरच्या जाड पट्ट्यानं बनलेल्या एका अरुंद बोगद्यातून नऊ स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, आणि हा एक मज्जातंतू जातो. थोडीशी सूज आली तरी आत जागा उरत नाही. झोपेत मनगट वळलेलं राहतं, दाब वाढतो, आणि माणूस पहाटे हात झटकत उठतो. गरोदरपणात, थायरॉइड कमी असताना, मधुमेहात, किंवा कंप पावणारी अवजारं रोज हातात धरणाऱ्यांत हे जास्त दिसतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधणं हा सुरुवातीचा साधा आणि बऱ्याच जणांना पुरणारा उपाय आहे. तिसरा मज्जातंतू दंडाच्या हाडाला मागून वळसा घालतो. खुर्चीच्या पाठीवर हात लोंबकळत ठेवून गाढ झोप लागली की हा दाबला जातो आणि सकाळी मनगट खाली लोंबतं, उचलतच नाही.

हे शेवटचं बहुधा दारू किंवा झोपेच्या गोळीनंतर होतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एरवी झोपेत अंग अवघडलं की आपण जाग न येताही कूस बदलतो. दाबलेला मज्जातंतू कुरकुरतो आणि शरीर ऐकतं. नशेत ते ऐकणंच बंद होतं.

आपल्याकडे हाताला मुंग्या आल्या की मानेचा एक्स-रे निघतो आणि ‘स्पाँडिलायसिस’ असं नाव मिळून प्रकरण मिटतं. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांत झीज दिसत नाही असा माणूस विरळा, त्रास असो वा नसो. मान खरोखर कारण असू शकते. तेव्हा दुखणं बहुधा मानेतून खांद्याकडे आणि हातात उतरतं, मान वळवल्यावर वाढतं. पण करंगळी सोडून बाकीची बोटं रात्री बधिरत असतील तर आधी मनगट तपासावं. गळ्यात पट्टा घालून मनगटातला दाब कमी होत नाही.

कमरेवर घट्ट बांधलेली परकराची नाडी, आवळलेला पट्टा किंवा वाढलेलं पोट यांमुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर होतो, कधी चुरचुरतो. हा मज्जातंतू फक्त कातडीचा, त्यानं एकही स्नायू हलत नाही, त्यामुळे ताकद जात नाही. नाडी सैल करावी.

किती वेळ चालतो हा दाब

अर्ध्या तासाचा दाब मिनिटांत भरून निघतो, मग रात्रभराच्या दाबाला आठवडे का लागतात? माकडांवर केलेल्या आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. जोराचा दाब जास्त वेळ राहिला की धाग्यावरचं चरबीचं वेष्टन दाबाच्या कडेला सरकतं, शेजारच्या वेष्टनाच्या आत घुसतं आणि शेवटी तिथं विरून जातं. ही ऑक्सिजनची तात्पुरती टंचाई नसते, बांधकामच बिघडलेलं असतं. वेष्टन पुन्हा तयार व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, पण बहुतेक वेळा ते पूर्ण तयार होतं. धागाच तुटला असेल तर मात्र तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं परत वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर या हिशेबात मोजलं म्हणजे वर्षाची गोष्ट का होते ते कळतं.

दाब नसतानाचा बधिरपणा

आता तो बधिरपणा, ज्याच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. तो बसण्याच्या पद्धतीनं येत नाही आणि पाय हलवल्यानं जात नाही. दोन्ही पायांच्या बोटांत एकदमच सुरू होतो आणि मोज्याच्या आकारात वर सरकतो. त्याचं सगळ्यात मोठं कारण मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

सुरुवात पावलांतच का? वर सांगितलेला एक मीटर लांबीचा धागा आठवा. त्याला लागणारी प्रथिनं आणि इतर सामान कण्याजवळच्या पेशीत तयार होतं आणि तिथून टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की धागे आणि त्यांच्या बारीक रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात, आणि सगळ्यात लांब धाग्याचं सगळ्यात दूरचं टोक आधी उपाशी पडतं. बधिरपणा गुडघ्याच्या आसपास पोचतो तेव्हा हाताच्या बोटांची पाळी येते, कारण आता तितक्याच लांबीच्या धाग्यांचा नंबर लागलेला असतो. डॉक्टर हे चित्र पाहूनच बरंच काही ओळखतात.

रुग्ण सांगतात त्या तक्रारी ऐकण्यासारख्या असतात. ‘चालताना चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढं गेल्यावर कळतं.’ ‘फरशीवर नाही, गादीवर चालतोय असं वाटतं.’ काहींचे तळवे रात्री आगीनं जळतात आणि तरीही टाचणी टोचलेली कळत नाही. जळजळणाऱ्यांची निदान तपासणी होते. ज्यांचं काहीच दुखत नाही ते राहून जातात. खिळा चपलेतून आत आलेला असतो, देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना तळव्याला फोड आलेले असतात, गरम पाण्याच्या पिशवीनं टाच भाजलेली असते, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. जखम पिकते, हाडापर्यंत जाते, आणि पाय कापावा लागतो. वेदना हा पायाचा पहारा आहे, आणि तो उठून गेलेला असतो. त्याची जागा डोळ्यांनी घ्यावी लागते. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवावा. पाणी गरम आहे का ते पायानं नाही, कोपरानं पाहावं. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पावलांची तपासणी मागून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक दोरा, जो १० ग्रॅम भार पडला की वाकतो, तो तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून कळतो का ते विचारतात. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि तिनं पाय वाचतात.

दुसरं मोठं कारण जीवनसत्त्व बी १२ची कमतरता. मज्जातंतूंचं वेष्टन नीट राखायला ते लागतं, आणि ते निसर्गतः मिळतं फक्त प्राणिज पदार्थांतून: दूध, दही, अंडी, मासे, मांस. भाज्या, डाळी, फळं यांतून मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गर्भवती स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी १२ कमी आढळलं. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून कमतरता हळूच येते. मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या कायम घेणाऱ्यांत ते आतड्यातून कमी शोषलं जातं. म्हणजे मधुमेही माणसाच्या बधिर पायांचं कारण साखर नसून बी १२ असणं, किंवा दोन्ही असणं, अगदी शक्य आहे. रक्ताची एक तपासणी केल्याशिवाय ते कळत नाही.

बी १२ कमी झालं की पाठीच्या कण्यातले स्थिती सांगणारे धागेही बिघडतात. अशा माणसाचा तोल बेसिनपाशी तोंड धुताना, डोळे मिटताक्षणी जातो, कारण तोवर डोळे सांभाळून नेत असतात. हे लक्षण कुणी सांगितलं तर मी त्याला लगेच तपासणीला पाठवेन. वेळेत उपचार झाले तर सुधारणा चांगली होते, फार उशीर झाला तर पूर्ण होत नाही. मात्र अंदाजानं ‘ताकदीच्या’ गोळ्या महिनोन् महिने खाऊ नयेत. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत बी ६ असतं, आणि बी ६ दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानंच हातापायांना बधिरपणा येतो.

तिसरं कारण आपण मागे पडलेलं समजतो, पण पडलेलं नाही: कुष्ठरोग. त्याच्या जंतूला शरीराचे थंड भाग आवडतात, म्हणून तो कातडीत आणि कातडीजवळच्या मज्जातंतूंत राहतो. कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, ज्यावर घाम येत नाही आणि ज्याला कापसाचा स्पर्श कळत नाही, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. औषधं मोफत मिळतात आणि सहा किंवा बारा महिन्यांत आजार बरा होतो. या रोगात बोटं झडतात असा समज पिढ्यान् पिढ्या होता. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की जंतू बोटं खात नाही. बधिर हातानं तवा धरला जातो, चिरा पडतात, जखमा पिकतात आणि त्यातून बोटं जातात. मधुमेही पायाची गोष्ट आणि ही गोष्ट मुळात एकच आहे.

ज्यात थांबायचं नाही

चेहरा, हात किंवा पाय एका बाजूनं अचानक बधिर किंवा लुळा झाला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजून १०८ला फोन करावा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. कंबर दुखत असताना बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मुंग्या पायांतून सुरू होऊन दिवसागणिक वर चढत असतील आणि जिना चढायला जड जात असेल, तर ते गुलेन बॅरी सिंड्रोम असू शकतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते तो आजार. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात ज्याचे रुग्ण वाढले तो हाच आजार, आणि त्यात श्वासाचे स्नायू अडकण्याआधी पोचणं महत्त्वाचं असतं.

घाबरल्यावर ओठांभोवती आणि बोटांत येणाऱ्या मुंग्या मात्र वेगळ्या. भराभर श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं वापरता येणारं कॅल्शियम घटतं आणि धागे हळवे होतात. श्वास संथ झाला की त्या जातात.

डॉक्टरांकडे जाताना ‘हातपाय बधिरतात’ एवढंच सांगू नका. कोणती बोटं, एक बाजू की दोन्ही, रात्री की दिवसा, कोणत्या बसण्यानं वाढतं, झटकल्यानं जातं का, ताकद कमी झाली का, वस्तू हातातून पडतात का, हे लिहून न्या. बरोबर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याही न्या, आम्लपित्ताच्या आणि मेडिकलमधून स्वतः आणलेल्या धरून.